पोरांशी खेळायला बसता पण मन लागत नाही? आधी तुमचा स्वतःचा हरवलेला खेळ शोधा

माझी धाकटी साडेपाच वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती भातुकली मांडून बसली होती आणि मी तिच्यासमोर. ती मला खोटाखोटा चहा देतेय, मी पितेय, वा वा मस्त झालाय म्हणतेय आणि लक्ष सगळं घड्याळाकडे, कारण चार वाजता नळ येणार होता आणि टाकी भरायची होती. तिसऱ्या कपाला ती थांबली आणि म्हणाली, "मम्मी, तू खेळत नाहीयेस. तू नुसती बसलीयेस."

रागावून नाही बोलली ती, पंखा बंद आहे असं सांगावं तितक्या सहज बोलली. मला मात्र ते रात्रीपर्यंत टोचत राहिलं कारण ती खरं बोलली होती.

आम्ही जळगावात राहतो, माझं माहेर अमळनेर तालुक्यात, सासर यावलकडे, घरात दोन पोरं, आम्ही दोघंही नोकरीवाले. त्या दिवसापासून वर्षभर आम्ही घरात जे जे करून बघितलं, जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगते म्हणजे घोळ नको. पोराला खेळवणं वेगळं आणि आपण स्वतः खेळणं वेगळं. खेळवून माणूस दमतो, वीस मिनिटांत जांभया येतात. खेळून दमला तरी त्याला अजून एक डाव हवा असतो. आपण बहुतेक जण पोरांना खेळवतो आणि मग म्हणतो की मला मुलांशी खेळायचा कंटाळा येतो, आणि त्याचा गिल्ट वेगळा घेऊन फिरतो.

पहिले आठ दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा

भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान घ्या. पोरगं "चल ना खेळू" म्हणालं की वेळ लिहायची, आपण काय उत्तर दिलं ते लिहायचं आणि आत काय वाटलं ते एका शब्दात. बस. माझ्या कागदावर आठ दिवसांत "थांब, पाच मिनिटं" इतक्या वेळा आलं की मलाच वाचवेना, आणि त्यातली बहुतेक पाच मिनिटं पुढे आलीच नव्हती.

हा कागद महत्त्वाचा आहे कारण प्रत्येकाचा अडथळा वेगळा असतो. कोणाचं काम संपलेलं नसतं म्हणून मन बसत नाही, त्याचा उपाय सोपा आहे, काम आधी उरका आणि पोराला घड्याळातला काटा दाखवून वेळ सांगा, "हा मोठा काटा सहावर आला की मी तुझी". आणि ती वेळ पाळा, दूध उतू चाललं तरच उठायचं. कोणाला तो खेळच आवडत नाही, त्याचं पुढे सांगते.

तिसरा अडथळा मला सगळ्यात जास्त सापडला आणि तो सगळ्यात लपलेला असतो. आपण खेळात शिकवतो. पोरगं गाडी फिरवतंय तर आपण, ही कोणत्या कलरची? चाकं किती? अजून दोन आणली तर किती होतील? ते चित्र काढतंय तर आपण, झाड हिरवं असतं ना बाळा. आपल्याला वाटतं वेळ सत्कारणी लागला. पोराला कळतं की हा अभ्यास आहे, फक्त जमिनीवर बसून चाललाय. आणि आपल्यालाही मजा येत नाही कारण आपण तिथे मास्तर म्हणून बसलोय, मास्तरला खेळायला मिळतं कुठे?

मग आठवायचं, आपण काय खेळायचो

"लहानपणी कोणता खेळ आवडायचा" असा प्रश्न स्वतःला विचारून काही हाती लागत नाही, क्रिकेट, लगोरी, लपाछपी अशी सगळ्यांची सारखी लिस्ट येते. त्यापेक्षा जागा आठवा. दिवेलागणीला तुम्हाला शोधायला घरचे कुठे जायचे? मी मायला फोन करून एवढंच विचारलं. माय दोन सेकंद गप्प आणि मग हसत म्हणाली, तू ना, धाब्यावर (घराच्या मातीच्या गच्चीवर) नाहीतर नानांच्या खळ्यात. आणि मला एकदम तिचाच आवाज कानात आला, "अंधारं पडनं, आते घर ये वं!" धाब्याच्या मातीचा वास, उन्हाने तापलेली ती जमीन संध्याकाळी पायाला कोमट लागायची, सगळं आलं. पुढे अर्धा तास आम्ही दोघी बोलत होतो.

जागा सापडली की अजून चार गोष्टी विचारा. बरोबर कोण असायचं, हातात काय असायचं, कोणता महिना असायचा आणि मार कशासाठी पडायचा. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, कारण ज्यासाठी मार खाऊनही आपण परत तेच करायचो, तोच आपला खरा खेळ. मोठा भाऊ, मावशी, शाळेतली मैत्रीण, कोणालाही फोन लावा, लोक या प्रश्नाला खूप आनंदाने उत्तर देतात.

आता या आठवणीतून रस काढायचा. म्हणजे त्या खेळात तुम्हाला नेमकं काय आवडायचं? माझ्या लक्षात आलं की लपाछपीत मला राज्य घेणं, जिंकणं वगैरे काही नव्हतं, मला ते लपून बसणं आवडायचं, कडब्याच्या गंजीमागे श्वास धरून, कोणीतरी अगदी जवळून जातंय आणि पोटात गोळा आलाय. माझ्या नवऱ्याला पळापळीचं काही नाही, त्याला हाताने करायला आवडायचं, मातीचे बैल, तारेची गाडी, रिकाम्या काडेपेट्यांचा ट्रॅक्टर. माझ्या दिराला डाव टाकणं, हिशोब लावणं, समोरच्याला अडकवणं. आणि काही लोकांना सोंग घ्यायला आवडतं, दुकानदार, कंडक्टर, अंगात आलेली बाई.

हे कळल्यावर घरातला अर्धा ताण गेला. मला भातुकलीत मन लागत नव्हतं ते मी वाईट आई आहे म्हणून नव्हतं, तो माझा खेळच नव्हता. आता आमच्या घरी लपाछपी माझ्याकडे, माती आणि तार पप्पांकडे, पत्ते आणि चिंचोके काकांकडे, आणि भातुकलीला मोठी माय, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या खरंच रमतात, पोरीशी भाजीच्या भावावरून भांडतात. सगळे खेळ एकाच माणसाने खेळायचे असं कुठे लिहिलंय?

पोरांच्या आधी एकटे खेळा

ही पायरी लोक गाळतात, गाळू नका. पोराला भोवरा शिकवायचा म्हणून दुकानातून आणला आणि थेट त्याच्यासमोर फेकला, तो आडवा पडला, की आपण लगेच "पप्पाला आता जमत नाही बाबा" म्हणून मोबाईल काढतो. त्यापेक्षा पोरं शाळेत असताना पार्किंगमध्ये जा, जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, आरेपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून घट्ट गुंडाळा, पहिले दहा-पंधरा वेळा पडेल, पडू द्या. हाताला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं आठवतं, आणि ते आठवतं तेव्हा अंगात जे काही होतं ना, ते पुस्तक वाचून येत नाही. मी स्वतः सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता लंगडी घातली, एकटीच, टाकीपासून जिन्यापर्यंत. धाप लागली आणि हसू आलं.

हा आनंद मोठेपणी संपतो असं नाही, तो शरीरात खूप खोलवर असतो. याक पॅन्कसेप नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की उंदीर एकमेकांशी खेळताना किंवा त्यांना गुदगुल्या केल्यावर सुमारे ५० किलोहर्ट्झचा बारीक चिवचिवाट करतात, आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, त्याने त्याला उंदरांचं हसू म्हटलं. गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे ते उंदीर परत परत यायचे. खेळायची ओढ इतकी जुनी आहे की ती आपण नोकरीला लागलो म्हणून कुठे जाणार नाही, फक्त तिला परत वाट करून द्यावी लागते.

रोज दहा मिनिटं, राज्य पोराचं

आता पोराबरोबरची मुख्य सवय. रोज ठरलेली दहा मिनिटं, एका वेळी एकच पोरगं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सायलेंट करून खिशात ठेवला तर तो आपल्या मनात वाजतच राहतो, म्हणून दुसऱ्या खोलीतच. या दहा मिनिटांत काय खेळायचं ते पोरगं ठरवेल, नियम त्याचे, आपण त्याच्या मागे.

अमेरिकेत शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात आईवडील आणि लहान मुलांसाठी एक उपचारपद्धत तयार केली, त्यात आईबापांना घरी रोज फक्त पाच मिनिटं असंच खेळायला सांगतात. त्यात तीन गोष्टी टाळायच्या असतात, प्रश्न, हुकूम आणि टीका. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, पहिल्या मिनिटालाच तोंडातून "हे काय केलंस?" निघतं. मग बोलायचं काय? जे दिसतंय ते बोला. "अरे वा, तू ट्रक उलटा लावलास." पोरगं म्हणालं "हा ट्रक झोपलाय", तर आपणही म्हणा "हा, ट्रक झोपलाय". ते जे करतंय ते आपल्या बाजूला आपणही करा, त्याने ठोकळे रचले तर तुम्हीही रचा. आवडलं तर काय आवडलं ते नेमकं सांगा. आणि खरंच मजा आली तर ती चेहऱ्यावर येऊ द्या.

पहिले तीन-चार दिवस अवघड जातात. माझ्या पोराने, तो नऊ वर्षांचा आहे, पहिल्या दिवशी दहाही मिनिटं मला पलंगाखाली अस्वल बनवून कोंडून ठेवलं आणि स्वतः वर उड्या मारल्या, मला वाटलं यात काय मोठं. पाचव्या दिवशी तो अस्वलाला म्हणाला, माझ्या बेंचवर बसणारा आता माझ्याशी बोलत नाही. जेवताना मी दहा वेळा "शाळेत काय झालं" विचारलेलं त्याने कधी सांगितलं नव्हतं.

वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी सांगा, आणि संपली की संपली. "उद्या परत." उद्या खरंच असेल याचा भरवसा बसला की रडारड कमी होते, आमच्याकडे दोन आठवडे लागले.

आपल्या उन्हाचा विचार करून वेळ ठरवा

पुण्या-मुंबईच्या लोकांचे लेख वाचून मे महिन्यात पोरांना बागेत नेऊ नका. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, बागेतली लोखंडी घसरगुंडी दुपारीच काय पाच वाजतासुद्धा चटका देते. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा खेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. गच्चीवर सहाला पाणी मारून ठेवलं की आठपर्यंत बसण्याजोगी होते. पोरगं खेळता खेळता चक्कर येतेय म्हणालं, मळमळलं, अंग तापलं, बोलण्यात गडबड झाली तर थेट सावलीत, अंगावर ओला कपडा, वारा घालायचा आणि डॉक्टर, "थोडं झोप, बरं वाटेल" करायचं नाही. आणि उन्हाळ्यात तापीत, गिरणेत पोरांना एकटं डुंबायला सोडू नका, वाळू उपसलेल्या जागी डोह झालेले असतात ते वरून दिसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि ३-४ वर्षांच्या पिल्लांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं. हे आकडे बघून घाबरू नका, ते पोरांसाठी आहेत, आपण सगळा वेळ सोबत असावं असं त्यात नाही. आपण दहा-वीस मिनिटं मनापासून खेळलो की पुढचा तासभर ती त्याच खेळात स्वतःची स्वतः रमतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी त्यावर स्वयंपाकाची वेळ बसवते.

आता प्रत्यक्ष खेळ, आपल्या मातीतले

दुपारच्या कोंडलेल्या तासांसाठी चिंचोके. कोणी याला चौकाबारा म्हणतं, कोणी चंगअष्टा. चिंचोका घ्या आणि खडबडीत फरशीवर एका बाजूने घासा, वरचं तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत, असे चार करा. घासणं हाच अर्धा खेळ आहे, घासून चिंचोका गरम होतो आणि हळूच शेजारच्याच्या हाताला लावायचा, ते आठवलं ना? लावा, हळूच.

खडूने पाच बाय पाच घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यभागी फुल्ली. चार जण चार बाजूंना, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आमच्याकडे शेंगदाणे, तुरीचे दाणे, बटणं आणि बांगड्यांच्या काचा (लहान पोरं असतील तर काचा नको, आणि दोन-तीन वर्षांचं बाळ घरात असेल तर दाणेपण नको, नाकात घालतात). चारही चिंचोके टाकायचे, जितके पांढरे वर तितकी घरं. चारही पांढरे आले तर चार, एकही पांढरा नाही आला तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की परत टाकायला मिळतं. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांतून उजव्या हाताला निघून फिरत जाते, आपल्या घराजवळ आली की आतल्या आठ घरांत शिरून उलटी फिरते आणि शेवटी मधल्या फुल्लीत पोचते. आपली सोंगटी जिथे पोचते त्या घरात दुसऱ्याची सोंगटी सापडली की मारायची, ती परत पहिल्यापासून. फुल्लीवर कोणी मारू शकत नाही. आणि एक तरी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही. गावागावांत नियमात थोडा फरक असतो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यावरून जे भांडण होतं तेही खेळात धरा.

या खेळाचं मला आवडतं ते हे की यात नशीब आणि डोकं दोन्ही आहे, त्यामुळे पाच वर्षांची पोरगी पण खरोखर जिंकू शकते, कोणाला मुद्दाम हरावं लागत नाही.

दुसरं, खिरापत ओळखणं. भुलाबाईच्या सणात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, पोरी घरोघरी गाणी म्हणायच्या आणि मग घरातली बाई झाकलेला डबा हलवून विचारायची, ओळखा काय आहे. यासाठी भुलाबाईपर्यंत थांबायची गरज नाही. संध्याकाळचा खाऊ स्टीलच्या डब्यात घाला, झाकण लावा, हलवा. मुरमुरे वेगळे वाजतात, शेंगदाणे वेगळे, गूळ धपकन पडतो, केळं वाजतच नाही. पोरांना तीन प्रश्न विचारायची मुभा, गोड का तिखट, ओलं का कोरडं, आजीला चावता येतं का. मग डबा त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही ओळखा. माझ्या पोराने एकदा डब्यात त्याचा मोजा घातला होता, अर्धा तास कोणालाच ओळखता आला नाही आणि तो दिवस तो अजून सांगतो.

ज्यांच्याकडे केळीचा बाग आहे किंवा पाहुण्यात कोणाचा आहे त्यांनी फटफटी करून दाखवा. केळीच्या पानाचा मधला जाड दांडा घ्या, पान काढून टाका. वरच्या बाजूला बोटभर लांबीचे चार-पाच तिरके काप घ्या, पूर्ण कापून काढायचे नाहीत, एका टोकाला चिकटलेले राहू द्या. ते सगळे उभे करा आणि हात जोरात त्यावरून फिरवा, एकामागून एक फटफटफट आडवे पडतात. कापायचं काम मोठ्यांचं. कपडे जुने घाला, केळीच्या चिकाचा डाग निघत नाही.

पोळ्याचे बैल विकत आणूच नका. श्रावणात पाऊस पडला की काळी माती आणा, खडे वेचा, पोरांना पायाने तुडवू द्या. आपली काळी माती वाळली की आकसते आणि तडकते, म्हणून आमचे हे त्यात मूठभर बारीक वाळू आणि पिंजलेला थोडा कापूस मिसळतात आणि बैल सावलीत वाळवतात. शिंगं आधी आगपेटीच्या काडीवर माती चढवून करायची म्हणजे मोडत नाहीत. पोराचा बैल डुकरासारखा दिसला तरी हात लावायचा नाही. हे फार कठीण आहे, नवऱ्याला पाठीमागे हात बांधून बसावं लागलं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका तर आपल्या खान्देशाचाच. माहेरी आलेल्या बाया निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत उंच जातात, तेव्हा आजीसुद्धा पोरगी होते. या वर्षी नुसते फोटो काढू नका, बसा. झोका बांधताना जिवंत जाड फांदी बघा, शेवग्याला कधीच बांधू नका, ती फांदी ठिसूळ असते. दोराखाली गोणपाट घाला म्हणजे दोर आणि साल दोन्ही घासणार नाहीत, आणि आधी मोठ्या माणसाने लटकून बघायचं.

संक्रांतीच्या पतंगाचं एकच सांगते, नायलॉन मांजा नको. २०१७ पासून त्यावर राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी कोपऱ्यावर मिळतो. साध्या सुताच्या दोऱ्यावर पतंग उडवायला जास्त कौशल्य लागतं आणि कोणाचा गळा कापला जात नाही.

अंगात त्राण नसेल त्या दिवशी

असे दिवस असणारच, महिनाअखेर, पाळी, डोकेदुखी, रात्रपाळी. त्या दिवशी झोपून खेळायचे खेळ ठेवा. मी पेशंट, तू डॉक्टर, डॉक्टर जितका वेळ तपासेल तितकं बरं. पाठीवर बोटाने अक्षर काढ, मी ओळखते. पालथी झोपते, माझ्या पाठीवर शेत कर, नांगर, पेर, निंद, पाणी सोड, कापूस वेच. हा खेळ माझ्या पोरीने स्वतः काढला आणि मला कधी झोप लागली ते कळलं नाही, उठले तेव्हा अंगावर चादर घातलेली होती आणि ती शेजारी बसून राखण करत होती, पाखरं हाकलतेय म्हणाली. खोटं उत्साही होण्यापेक्षा "आज मला बसूनच खेळता येईल" असं सरळ सांगा, पोरं समजून घेतात.

हरण्याची रडारड

प्रत्येक वेळी मुद्दाम हरू नका, आठ वर्षांच्या पुढच्या पोराला ते ओळखू येतं आणि अपमान वाटतो. पळण्याच्या खेळात स्वतःला अडचण घालून घ्या, मी लंगडी घालून पकडणार, मी उलट्या हाताने चेंडू मारणार, म्हणजे तुम्ही खरंच जोर लावता आणि सामना बरोबरीचा होतो. पोरगं हरून डाव उधळून गेलं तर लगेच खिलाडूवृत्तीवर भाषण नको. गोटी-सोंगट्या गोळा करा, पाणी द्या, म्हणा "मला पण हरल्यावर असंच वाटायचं". आपण हरल्यावर आपण काय करतो ते ती बघत असतात, तेवढं पुरतं.

घरातले बाकीचे

"खेळून काय पोट भरणार आहे का" हे वाक्य घरात येईल. वाद घालू नका. फार तर सांगा की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या आपल्याच महाराष्ट्रातल्या बायांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला लहान मुलांच्या शिक्षणाचं केवढं काम उभं केलं, पाड्यावरच्या अंगणात जाऊन शिंपले, बिया, खडे घेऊन पोरांना खेळता खेळता शिकवलं, अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे बोलणाऱ्याला डावात घेणं. आमचे आबा, माझे सासरे, दोन महिने खुर्चीत बसून पेपरआडून बघत होते. मग एके दिवशी चिंचोक्याच्या डावात पोराने चुकीची सोंगटी चालली आणि आबांना राहवलं नाही, "अरे ती नको, मागची चाल!" आता दुपारी दोन वाजता तेच खडू शोधत असतात.

बापांसाठी एक शब्द. रात्री आठला घरी आल्यावर लगेच पोरगं अंगावर येतं तेव्हा "आत्ताच आलोय ना" निघतं तोंडातून, स्वाभाविक आहे. दारातच ठरवून घ्या, हातपाय धुऊन दहा मिनिटं, चहाच्या आधी. चहा घेऊन टेकलात की उठणं होत नाही.

मोबाईल हिसकावून खेळ सुरू करू नका, खेळ शिक्षा वाटतो. मोबाईल चालू असतानाच तुम्ही बाजूला बसून चिंचोके घासायला लागा, काही न बोलता. आवाज येतो त्याचा, खर्र खर्र. माझ्या पोराने चौथ्या मिनिटाला मान वर केली होती.

शेवटची पायरी, घराबाहेर पडा

आपलं लहानपण एकट्या आईबापांनी खेळवलेलं नव्हतं, गल्लीने खेळवलं होतं. म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलनीत खेळ ठरवा. आम्ही रविवार घेतला, उन्हाळ्यात साडेसात, बाकी वर्षभर साडेपाच. पहिल्या रविवारी कोणाला आमंत्रण देत बसू नका, चुन्याने रस्त्यावर आट्यापाट्यांच्या पाट्या आखायला घ्या. खरा सामना नऊ-नऊ जणांचा आणि नऊ पाट्यांचा असतो, आपल्याला चार-पाच पाट्या बास. आखायला लागलं की गॅलरीतून कोणीतरी ओरडतंच, "अहो पाटी वाकडी चाललीय!" त्या माणसाला खाली बोलवा, त्याला सगळं येतं. आमच्याकडे ते एक रिटायर्ड रेल्वेवाले काका निघाले, त्यांनी सूर, म्हणजे मधली उभी पाटी राखणारा, कशी पाटी धरतो ते करून दाखवलं आणि पहिल्याच दिवशी अकरा मोठी माणसं आणि त्याहून जास्त पोरं रस्त्यावर होती.

वाहनं यायची बाजू दोन स्कूटी आडव्या लावून बंद करा, पाण्याचा माठ एकीच्या घरचा, चुना एकाच्या घरचा असं वाटून घ्या म्हणजे एक जण गावाला गेला तरी खेळ थांबत नाही. थंडीत हाच ग्रुप भरीत पार्टीला मळ्यात न्या, वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजून होईपर्यंत दीड-दोन तास सहज जातात, आणि केळीच्या बागेइतकी लपायला चांगली जागा मी अजून बघितली नाही. फक्त लपण्याआधी सगळ्या पोरांना घंटेवर किंवा शिट्टीवर परत यायचं ठरवून द्या, चप्पल-बूट घालूनच आत सोडा आणि पाटाच्या कडेला एक मोठं माणूस उभं ठेवा. त्या माणसाची पाळी बदलत राहा, म्हणजे त्यालाही लपायला मिळेल.